वर वाढत न्हाई

समस्त मुळशीकरांना, मारुंजीच्या आसपास फ्लॅट घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या आणि घेऊन पस्तावलेल्या सर्व नागरिकांना, तसंच ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशा सुज्ञ जनांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या गुरुद्वाऱ्याच्या इतिहासात मोठी लढाई एकदाच झाली आणि ती टेबलांशी झाली. एका बाजूला स्टेनलेस स्टीलची चकचकीत टेबलं, टेबलांच्या मागे अख्खी कमिटी आणि कमिटीच्या मागे एक बिल्डर. दुसऱ्या बाजूला गुडघे गेलेली एक म्हातारी. शस्त्र म्हणाल तर डाळीची बादली. उपस्थितांनी शांतता राखावी आणि मोबाईल बंद ठेवावेत.

‘आमच्या गुरुद्वाऱ्याच्या’ असं मी ऐटीत म्हणतो, पण मी काही शीख नाही. मी भूगावचा. बी.एड. होऊन घरी बसलो होतो आणि आमचे वडील रोज सकाळी माझ्याकडे बघून वर्तमानपत्राची घडी जरा जोरात घालत होते. अशात कोणीतरी सांगितलं, मारुंजीच्या शिवारात सरदारजींच्या देवळात एक शाळा आहे, तिथं मराठीचा मास्तर हवाय. मी इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन मोटरसायकलवर गेलो.

मुलाखत स्वयंपाकघरात झाली. समोर मटारचा ढीग, ढिगामागे एक दांडगी म्हातारी. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि या सगळ्यावर कारखान्यातला पुरुषी खाकी कोट. कोटाच्या एका खिशातून पाना डोकावत होता, दुसऱ्यातून खडू.

“बस,” ती म्हणाली.

मी इकडे तिकडे पाहिलं.

“काय हुडकतुयास?”

“खुर्ची.”

“हापाना,” ती म्हणाली.

मला वाटलं पंजाबी असेल. पुढे कळलं, की हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे. त्यानंतरच्या वर्षांत तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की आमच्या घरीसुद्धा कोणी कांद्याची भजी जास्त मागितली की बायको ‘हापाना’ म्हणू लागली.

फाइल तिनं उघडलीसुद्धा नाही. आम्ही मटार सोलले. माझा डावा पाय आधी बधिर झाला, मग उजवा, मग मी स्वतः. ढीग संपल्यावर ती म्हणाली, “मांडी मोडली न्हाईस. पोरांत बसशील. उद्या ये.” महाराष्ट्रात मांडीच्या गुणवत्तेवर नेमणूक झालेला शिक्षक बहुधा मी एकटाच.

तिला सगळे ‘बीजी’ म्हणत. शीख घरांत आईला, आजीला म्हणतात तसं. नाव होतं, पण ते तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारलं तर म्हणायची, “नाव कशाला पायजे? मी काय दुकान हाय?” तिचं मराठी तिनं मारुंजीच्या विहिरीवर बायकांकडून उचललेलं होतं, त्यामुळे डोळे मिटले तर कोणी गावची पाटलीणबाई बोलत्येय असं वाटायचं आणि डोळे उघडले तर समोर पंजाब.

गुरुद्वाऱ्याचा इतिहास मी तिच्याकडून निदान शंभर वेळा ऐकला असेल. दर खेपेला तपशील बदलायचा. बोटीतून उतरताना आजोबांच्या हातात कधी करवत असायची, कधी रंधा, एकदा तर कोंबडी होती. पण क्रम कधी बदलला नाही.

“आमचा आजा सुतार,” ती सुरू करायची. “रेल्वेचं काम निघालं म्हणून बोटीत बसून आफ्रिकेत गेला. लई मोठं तळं. तुमचं कासारसाईचं धरन त्याच्याम्होरं तांब्या! त्याच्या काठाला समद्यांनी पत्र्याची शेड मारली. आधी त्या शेडमंदी काय आलं?”

“चूल,” मी म्हणायचो. उत्तर चुकलं तर इतिहास पुन्हा बोटीपासून सुरू व्हायचा.

“मग?”

“शाळा.”

“मग?”

“झेंडा.”

“हां. माझी आई त्या शेडमंदी अक्षर शिकली. पोरींना दुसरी शाळाच न्हवती तितं. भुकेलं पोर शिकत न्हाई. आन् न शिकलेल्या माणसाला देवापुढं काय मागावं त्ये बी कळत न्हाई, समद्या गावाचं सोडून सोताचंच मागत बसतंय. म्हनून आधी चूल, मग शाळा, मग झेंडा.”

पुढे त्या देशात दिवस पालटले आणि माणसं पांगली. कोणी लंडनला गेलं, कोणी कॅनडाला. बीजीच्या नवऱ्याला पिंपरीच्या एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं. मारुंजीत तेव्हा ज्वारी होती, बाभळी होत्या आणि स्वस्त जमीन होती. नवऱ्यानं तिथं पत्र्याची शेड घातली आणि सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करू लागला. पंपासाठी शेतकरी यायचे, गप्पांसाठी पंजाबी ट्रकवाले यायचे आणि बीजी सगळ्यांना जेवायला घालायची. मजुरांची पोरं दारात घुटमळायला लागली, तेव्हा तिनं शेडच्या पत्र्यावर खडूनं अक्षरं काढली. गुरू ग्रंथसाहिब वाजतगाजत आले आणि निशाणसाहिब, म्हणजे झेंडा, उभा राहिला, तो त्याच्या नंतर. पुढे पक्का दरबार झाला, घुमट झाला, पण लंगरची जागा तीच राहिली आणि तीच शाळेची जागा राहिली.

मी एकदा आगाऊपणानं विचारलं, “बीजी, इतके देश सोडावे लागले, वाईट वाटत नाही?”

“पंजाब आज्यानं सोडला. आफ्रिका मी सोडली.” तिनं ओढणी सारखी केली. “आता हितनं मला हालवून दावा कुनी.”

भाजी आणायला तिच्याकडे एक टेम्पो होता आणि तो ती स्वतः चालवायची. चालवायची हा माझा सौम्य शब्द. टेम्पोच्या मागं लोक देवाचं, नाहीतर पोराबाळांचं नाव लिहितात. तिनं पिवळ्या रंगात ठळक ‘हापाना’ लिहून घेतलं होतं. चौकातल्या पानवाल्याची पक्की समजूत होती की हापाना ही पंजाबातली एखादी जागृत देवी असणार. तो टेम्पो गेला की हात जोडायचा. बीजीला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून खोकली आणि म्हणाली, “जोडू दे. लई कडक देवी हाय ती.”

नावाचं मात्र तिला वावडं होतं. एका भाविकानं लंगरला पंखे दिले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पात्यावर लाल अक्षरांत स्वतःचं नाव घातलं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी पंखे उतरवणार. तिनं वर पाहिलं, बटण दाबलं आणि नाव गरगर फिरून नाहीसं झालं. “ह्ये चालंल,” ती म्हणाली. “काम चालू असताना नाव दिसत न्हाई. बंद करू नका कुनी.” थंडीतसुद्धा ते पंखे चालू असत आणि आम्ही कुडकुडत ‘गाय’, ‘गाढव’, ‘गणपती’ म्हणत असू.

लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्यातली सर्वांसाठीची जेवणाची पंगत, हे आता पुणेकरांनाही ठाऊक झालंय. पण आमची शाळाही पंगतच होती. लाल कोब्याच्या जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, रेघेवर ज्याची त्याची ठरलेली जागा. सकाळी बांधकामावरच्या मजुरांची आणि डोंगरातल्या वाडीवरची पोरं त्या रेघांवर बसत. शनिवारी हिंजवडीतल्या शीख इंजिनियरांची मुलं गुरुमुखी शिकायला त्याच रेघांवर बसत. चपला काढायच्या, डोकं झाकायचं, हात धुवायचे आणि आपल्या रेघेवर जाऊन बसायचं. बसल्याशिवाय ना अक्षर मिळायचं, ना जेवण. रविवारी पोरं आईबापांना घेऊन लंगरला यायची, तेव्हाही थेट आपल्या रेघेवर.

एकदा शाळा बघायला एक साहेब आले.

“बाक कुठायत?” त्यांनी विचारलं.

“बाक आला की शेवटचा बाक आला,” बीजी म्हणाली. “पंगतीला शेवटचा बाक आसतो का वो सायेब?”

साहेब उभेच राहिले. पँटला भलतीच कडक इस्त्री होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा म्हणाले, “मला इथंच द्या ताट, उभ्यानं घेतो.”

“वर वाढत न्हाई आमी.”

साहेब उपाशी गेले. मी घाबरून म्हटलं, “बीजी, एका ताटानं काय झालं असतं?”

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या बी.एड.च्या सगळ्या पुस्तकांवर ठेवतो. म्हणाली, “जेवनारा खाली बसला की वाढनाऱ्याला वाकावं लागतंय. वाकलेल्या मानसाला ताट दिसतंय, तोंड न्हाई दिसत. टेबल आलं की वाढनारा ताठ हुबा ऱ्हातो. आन् ताठ मानूस कोन बसलंय त्ये बगून वाढतो.”

आता कोणी म्हणेल, गुडघ्यांचं काय? तर भिंतीलगत तिनं एक बुटका कट्टा बांधून घेतला होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. मग हे ‘वर’ नाही का? “छा! ती जमीनच हाय. जरा सुजलीया.” स्वतःचे गुडघे दोन्ही कामातून गेलेले असूनही ती मात्र कट्ट्यावर कधी बसली नाही.

आणि मग मारुंजी वाढली. ज्वारीच्या जागी टॉवर आले. गुरुद्वाऱ्याला माणसं वाढली, गाड्या वाढल्या आणि रीतसर कमिटी झाली. कमिटीचा सेक्रेटरी हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीतला. त्याला मी खलनायक करणार नाही, मोह फार होतोय तरी. रविवारी तो बाह्या सरसावून भांडी घासायचा. त्याचं म्हणणं इतकंच, की आपल्या लोकांची लग्नं हॉटेलात जातात, पाहुणे खाली बसायला कुरकुरतात, तर लंगरचा चांगला हॉल करू. टेबलं, खुर्च्या, एसी. सकाळची शाळा? ती ‘फिलहाल’ बंद. त्या पोरांना सरकारी शाळा आहेच की.

सरकारी शाळा होती, पण हमरस्त्यापलीकडे. डंपर आणि टँकर अंगावर येणारा तो रस्ता. आया पहाटे कामावर गेलेल्या; लहान पोरांना तो रस्ता कोण ओलांडून देणार? टेबलं आली म्हणजे रेघा गेल्या, रेघा गेल्या म्हणजे वर्ग गेला आणि पोरं परत बांधकामावरच्या वाळूच्या ढिगावर. हे सेक्रेटरीला दिसत नव्हतं, असं नाही. त्याला ते हॉलच्या पलीकडे दिसत होतं, जरा पुसट.

“बीजी, ज़माना बदल गया है,” तो समजावायचा.

“मग तू बी बदल की. बस खाली.”

टेबलं दिली आण्णानं. आण्णा मारुंजीच्याच जुन्या शेतकरी घरातला, जमिनी विकता विकता बिल्डर झालेला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरे बूट. मोठ्या मनाचा माणूस. पण दान दिसायला हवं. प्रत्येक टेबलावर त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ पितळी पट्टी ठोकलेली होती. इथं बीजी पेचात सापडली. आण्णाच्या वडिलांचा पंप तिच्या नवऱ्यानं कितीदा दुरुस्त केला होता. ते गृहस्थ याच जमिनीवर बसून जेवले होते. मेलेल्या माणसाच्या नावाला ती ‘हापाना’ कसं म्हणणार? आणि पट्टी काही पात्यासारखी फिरवता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी टेबलं आली. जड, लांबलचक, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर रेघांवर मांडली. रविवारी आण्णाच्या हस्ते उद्घाटन, सोमवारी सकाळी कारागीर येऊन पाय जमिनीत बोल्टनं ठोकणार. म्हणजे सोमवारचा वर्ग नाही, मंगळवारचा नाही आणि मग कुठलाच नाही.

मी तावातावानं बीजीला गाठलं. “आपण रात्रीत उचलून बाहेर ठेवू,” मी म्हणालो. “पोरांच्या बापांना बोलावतो.”

“हापाना.”

“मग तुम्ही सभेत बोला.”

“हापाना.”

“मग करणार काय?”

“काय न्हाई. बसनार.”

“कुठं?”

“जोडाघरात.”

जोडाघर म्हणजे दाराशी चपला ठेवायची जागा. लोकांचे जोडे घ्यायचे, पुसायचे, परत द्यायचे; गुरुद्वाऱ्यात ही मोठी सेवा मानतात. “जितं रेघा झाकल्या, तितं मी पाय ठेवनार न्हाई,” ती म्हणाली. “आन् मास्तर, ऐक. कुनाला काय बी शिकवायचं न्हाई. आजवर जे शिकीवलं त्येवढंच. बगू, शिकीवलंय का न्हाई.”

रविवार उजाडला. कीर्तन झालं, अरदास म्हणजे प्रार्थना झाली, कडाप्रसादाचा शिरा वाटून झाला. आण्णा आपले पांढरे बूट जोडाघरात देऊन, डोक्याला केशरी रुमाल बांधून लंगर हॉलच्या पहिल्या टेबलाशी बसला. शेजारी सेक्रेटरी. समोर हार. सगळं झळकत होतं. मग दार उघडलं आणि माझी पोरं आली.

ती दारात थबकली. त्यांनी टेबलं पाहिली. वाडीवरची एक चिमुरडी पुढे झाली, इकडे तिकडे पाहिलं, आपली जागा ओळखली, वाकली आणि टेबलाखाली जाऊन आपल्या रेघेवर मांडी घालून बसली.

तिच्या मागे दुसरा. मग तिसरी. रेघ जिथं होती तिथं पोरं बसली. रेघेवर टेबल आहे ही टेबलाची अडचण. पोरांमागे आया शिरल्या, डोक्यावरचे पदर सावरत. बापांना वाटलं, अशीच नवी पद्धत असेल, तेही रांगत शिरले. शनिवारच्या वर्गातली इंजिनियरांची मुलं आली, त्यांनी दोस्त पाहिले आणि ‘अरे, सरक’ म्हणत तीही खाली. मुलांना बाहेर काढायला त्यांच्या आया वाकल्या आणि, देव जाणे काय झालं, खालीच राहिल्या. उंच पगड्यांचे दोघे-तिघे सरदारजी जरा विचारात पडले. मग त्यांनी माना तिरक्या केल्या आणि तेही गेले. बघता बघता हॉलमध्ये वर दोन माणसं उरली आणि खाली अख्खी मारुंजी.

वाढपी बादल्या घेऊन आले. क्षणभर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण हात सवयीचे होते. वाकले आणि टेबलांच्या पायांतून डाळ, भाजी, परशादा—रोटीला तिथं परशादा म्हणतात—सुरू झालं. वाकलेल्या माणसाला ताट दिसतं, तोंड दिसत नाही. खाली ताटं होती. वर काय होतं ते बघायला कोणी मान वर केलीच नाही.

मी धावत जोडाघरात गेलो. “बीजी! आत चला! सगळे टेबलांखाली बसलेत!”

ती आण्णाचा पांढरा बूट फडक्यानं पुसत होती. “मग?” ती म्हणाली. “आनखी कुटं बसतील?” पण बूट पुसणारा तो हात थांबला होता आणि ओढणीचं टोक डोळ्यांकडे गेलं होतं. ती उठली, भिंतीला धरून हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

आत आण्णा रिकामं ताट पुढे करून बसला होता. एक बादली गेली, दुसरी गेली. “ओ,” तो म्हणाला. “ओ भाऊ.” खालून चमचे, पोरं आणि गप्पा यांचा असा कल्ला होता की ऐकणार कोण? सेक्रेटरीची स्वतःची लेक खालून त्याचा मोजा ओढत होती, “पापा, दाल खत्म हो जाएगी!” सेक्रेटरीनं छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, चष्मा खिशात घातला आणि तोही दिसेनासा झाला.

आता आण्णा एकटा. वडिलांच्या नावाची पितळी पट्टी, तिच्यापुढे रिकामं ताट. त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. लहानपणी बापाबरोबर पंप घेऊन यायचा तेव्हा ज्या सुरात जेवण मागायचा, अगदी त्याच सुरात तो म्हणाला, “बीजी, मला कुनी वाढंना.”

“वर वाढत न्हाई रं आमी,” बीजी म्हणाली, आणि आवाज इतका मऊ होता की मी चमकून पाहिलं. “तुझ्या बापाला बी खालीच वाढलं. ये. त्येच्या जागंवर बस.”

ती टेबलं सध्या भूगावात आण्णाच्या साइटच्या ऑफिसात आहेत, पट्ट्यांसकट. त्यांवर फ्लॅटचे नकाशे पसरलेले असतात आणि तिथं ती शोभतात. लंगरच्या कोब्यावर दर दिवाळीला नव्यानं चुना ओढला जातो. दोन वर्षांपूर्वी बीजी गेली. तिच्या मागे सकाळचा वर्ग मी घेतो, मांडी अजून शाबूत आहे. टेम्पो सेक्रेटरी चालवतो आणि पानवाला अजून हात जोडतो. पण त्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. बोल्ट पिशवीत तयार होते आणि सोमवार यायचाच होता.

आण्णानं खुर्ची मागे सारली. पांढऱ्या कपड्यांनिशी तो गुडघ्यांवर आला, मग हातांवर, आणि त्या चिमुरडीच्या शेजारी रांगत शिरला. तिनं न सांगता थोडी जागा केली. वाढपी आला, वाकला, तोंडाकडे न बघता डाळ घातली. आण्णानं दोन्ही हात पुढे करून परशादा घेतला, पहिला घास मोडून तोंडात टाकला, नीट जेवायला म्हणून ताठ झाला आणि स्वतःच दिलेल्या स्टीलवर त्याचं डोकं असं दाणकन आपटलं, की हॉलभर घंटा वाजावी तसा नाद घुमला. सगळं चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत, तोंडात घास, डोक्यावर हात, मुळशी तालुक्यातला एक प्रतिष्ठित दानशूर मोठ्यांदा ओरडला:

“आयला! कुनी आणली रं ही टेबलं हितं? उचला आधी, मानसानं जेवायचं कसं?”